गाव बोलते तेव्हा : 'सनसेट साँग'मधील किनरॅडी आणि द्वितीय पुरुषाचा प्रश्न

ग्रामीण कादंबरीसंबंधी लिहिताना समीक्षक सहसा 'गावाचे चित्रण' असा शब्दप्रयोग करतात. या शब्दप्रयोगात एक गृहीत दडलेले असते. गाव हा चित्राचा विषय, आणि चित्र काढणारा कोणीतरी त्याच्या बाहेर, थोड्या अंतरावर उभा. हे अंतर सहानुभूतीचे की उपहासाचे, एवढाच मग चर्चेचा मुद्दा उरतो. लुइस ग्रासिक गिबन या स्कॉटिश कादंबरीकाराच्या 'सनसेट साँग' (१९३२) या कादंबरीने हे गृहीतच अडचणीत आणले. तिच्यातील किनरॅडी हे गाव वर्णिले जाते त्याहून कितीतरी अधिक ते स्वतः बोलते. त्याच्या या बोलण्याचे व्याकरण, विशेषतः त्यातील द्वितीय पुरुषी सर्वनाम, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कादंबरीच्या अखेरीस येणाऱ्या शोकगीताला किती प्रमाण मानावयाचे, हा या कादंबरीच्या वाचनातला कळीचा प्रश्न माझ्या मते याच सर्वनामापाशी येऊन ठेपतो.

गिबनचे खरे नाव जेम्स लेस्ली मिचेल. टोपणनाव त्याने आईच्या नावावरून घेतले. १९०१ साली ॲबर्डीनशरमधील ऑक्टरलेस येथे त्याचा जन्म झाला आणि बालपणीच त्याचे कुटुंब आरबथनॉटच्या हद्दीतील ब्लूमफील्ड नावाच्या लहानशा शेतावर आले. किनरॅडीच्या मागे उभे आहे ते हे आरबथनॉट. मात्र 'गाव' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येते तसे घराला घर लागलेले गावठाण येथे शोधू नये. हा एक धर्मपरगणा आहे. एक चर्च, पाळकाचे घर, शाळा, आणि मग डोंगरउतारावर व ओढ्याकाठी दूर दूर विखुरलेली शेतघरे. मेर्न्स, म्हणजे किंकार्डिनशरचा हा प्रदेश ग्रॅम्पियन डोंगर आणि उत्तर समुद्र यांच्यामध्ये वसलेला आहे. माती लाल, चिकण आणि जड, वारा समुद्रावरचा. आरबथनॉटच्या संत टर्ननच्या चर्चचा सर्वांत जुना भाग १२४२ मधला, आणि तेथील धर्माधिकारी जेम्स सिबल्डने १४९१ मध्ये सिद्ध केलेली प्रार्थनापोथी आजही टिकून आहे. रॉबर्ट बर्न्सचा बाप याच मुलखातून दक्षिणेकडे गेला. म्हणजे इतिहासाला वा अक्षराला पारखा झालेला हा कोपरा नव्हे.

विखुरलेल्या वस्तीची ही बाब मी मुद्दाम पुढे ठेवतो आहे, कारण कादंबरीच्या रूपाशी तिचा थेट संबंध आहे. ब्लाविअरी, पीझीज नॅप, नेदरहिल, अपरहिल, कडीस्टन, पूटीज अशी ही शेते एकमेकांना दिसतात पण एकमेकांना लागून नाहीत. दोन घरांमध्ये नांगरटीचे पट्टे, दलदल, चढ. मग हे 'गाव' कोठे आहे? ते गिरणीत दळणाची वाट पाहताना, चर्चमधून बाहेर पडताना, मळणीच्या दिवशी एकमेकांच्या खळ्यावर राबताना जे बोलले जाते त्यात आहे. ज्या गावाला चावडी नाही, पार नाही, त्याला एकत्र बांधून ठेवते ती बोलवा. स्कॉट्स बोलीत तर 'स्पीक' हे क्रियापद नाम होऊन नेमका हाच अर्थ देते. गिबनने आपल्या निवेदनाचा आवाज कोठून उचलला हे येथे कळते. तो शैलीदाराचा शोध असेलच, परंतु त्याआधी ते त्या वस्तीच्या रचनेचे फलित आहे.

कादंबरीच्या प्रारंभी 'न नांगरलेले शेत' या नावाचे एक प्रास्ताविक येते. विल्यम द लायन राजाच्या काळात कॉस्पॅट्रिक नावाच्या नॉर्मन वीराने येथील दरीत एका गरुडसिंहाला मारले व जमीन मिळविली, या आख्यायिकेपासून आरंभ करून १९११ च्या हिवाळ्यापर्यंतचा इतिहास काही पानांत सांगितला जातो, आणि मग एकेक शेत, एकेक कुळ. या प्रास्ताविकात गावात नव्याने आलेला पाळक किनरॅडीचे वर्णन करताना स्कॉटिश ग्रामीण वाङ्मयाच्या दोन वंशावळी एका दमात उच्चारतो. एक 'केलयार्ड'ची, म्हणजे परसातल्या कोबीच्या वाफ्यांची. दुसरी हिरव्या झडपांच्या घराची. या पाळकाचे आडनाव गिबन असावे ही लेखकाची थट्टा आहेच. परंतु थट्टेमागे वाङ्मयीन भूमिका आहे, आणि ती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जॉन गॉल्टने 'ॲनल्स ऑफ द पॅरिश' (१८२१) मध्ये डॅलमेलिंग गावाचा १७६० ते १८१० असा पन्नास वर्षांचा वृत्तांत तेथील पाळकाच्या तोंडून सांगितला. निवेदक भोळा, आत्मसंतुष्ट. त्याच्या नकळत गावात सूतगिरणी येते, क्रांतीच्या वार्ता येतात. गॉल्टला गावाचा इतिहास दिसत होता. शतकाअखेरीस हा इतिहास गळून पडला. जे. एम. बॅरीचे 'थ्रम्स' (म्हणजे किरिम्यूर), इअन मॅक्लॅरनचे 'ड्रमटॉक्टी', एस. आर. क्रॉकेटच्या कथा यांत गाव म्हणजे भाबडी धर्मनिष्ठा, करुण मृत्यू, हुशार पण गरीब विद्यार्थी आणि विनोदी बोलीतले संवाद. जे. एच. मिलर या समीक्षकाने १८९५ मध्ये या लेखनाला 'केलयार्ड' हे उपहासात्मक नाव दिले, ते कायमचे चिकटले. मॅक्लॅरन आणि क्रॉकेट हे दोघेही फ्री चर्चचे धर्मोपदेशक होते, आणि या लेखनाचा मोठा वाचकवर्ग स्कॉटलंडच्या बाहेर, इंग्लंड-अमेरिकेत होता, या दोन गोष्टी लक्षात घेतल्या म्हणजे या गावात खंड थकल्याची वा सहामाही गडीबाजारात स्वतःला उभे करणाऱ्या शेतगड्याची गोष्ट का फारशी भेटत नाही, हे निराळे सांगावे लागत नाही. जॉर्ज डग्लस ब्राउनने 'द हाउस विथ द ग्रीन शटर्स' (१९०१) मध्ये या गोडव्याला कडू उत्तर दिले. त्याचे बार्बी हे गाव मत्सराने, चहाडखोरीने सडलेले आहे. तेथे गावातले निंदक चव्हाट्यावर बसून एखाद्या ग्रीक वृंदासारखे बोलतात. परंतु निवेदक या वृंदाच्या बाहेर, वर, शुद्ध इंग्रजीत उभा असतो. तात्पर्य, गोड गाव आणि कडू गाव या दोहोंमध्ये निवेदनाची रचना एकच आहे. बोली ही पात्रांच्या तोंडी, अवतरणचिन्हांच्या कुंपणात. कुंपणाबाहेर प्रमाणभाषेचा शहाणा माणूस.

मराठी वाचकाला ही रचना अपरिचित नाही. 'बनगरवाडी'त (१९५५) निवेदक हा बाहेरून आलेला तरुण मास्तर आहे. धनगरांची बोली संवादात आहे आणि निवेदन प्रमाण मराठीत. माडगूळकरांनी हे अंतर फार संयमाने सांभाळले आहे व त्या कादंबरीचे सामर्थ्यही त्यातच आहे. आनंद यादवांनी 'गोतावळा'मध्ये (१९७१) नारबाच्या बोलीलाच निवेदनाची भाषा केले, तेव्हा आपल्याकडे बरीच चर्चा झाली. गिबन ज्या प्रश्नाशी झगडत होता तो याच जातीचा होता, पण त्याचे उत्तर निराळे आहे. नारबा हा एक माणूस आहे. त्याचा 'मी' निश्चित आहे. किनरॅडीच्या आवाजाला 'मी' नाही.

गिबनने या भाषेविषयी दोनदा खुलासा केला आहे. कादंबरीच्या आरंभीच्या टिपणात तो डच भाषेचे काल्पनिक उदाहरण घेतो. डच ही वाङ्मयव्यवहारातून लुप्त झाली असती आणि एखाद्या डच लेखकाने आपल्या शेतकऱ्यांची कथा जर्मनमध्ये लिहिली असती, तर त्याने जेवढी मोकळीक घेतली असती तेवढीच आपण इंग्रजीकडून मागतो आहोत, असा त्याचा युक्तिवाद आहे. पुढे ह्यू मॅकडर्मिडसमवेत सिद्ध केलेल्या 'स्कॉटिश सीन' (१९३४) या ग्रंथात स्वतःविषयी तृतीय पुरुषात लिहिताना तो सांगतो की, इंग्रजी भाषा स्कॉट्स बोलण्याच्या लयीत ओतावयाची आणि खास स्कॉट्स शब्द अगदी मोजके घालावयाचे, अशी ही पद्धत आहे. या खुलाशात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते शब्दांपेक्षा लयीला दिलेले प्राधान्य. बोलीची नक्कल करणारा लेखक प्रथम उच्चार विचित्र अक्षरांत लिहू लागतो. त्यामुळे वाचकाला बोलणारा दिसतो खरा, पण परका दिसतो. गिबन स्पेलिंगला फारसा हात लावत नाही. तो वाक्याला हात लावतो. लांबत जाणारी, 'आणि'ने जोडलेली, मध्येच शेरा मारणारी ही वाक्ये आहेत. अवतरणचिन्हे काढून टाकून संवाद तिरप्या ठशात निवेदनातच मिसळून टाकलेले आहेत. कुंपण मोडले आहे.

आता सर्वनामाकडे वळू. कादंबरीची नायिका ख्रिस गथ्री ही शेतकऱ्याची बुद्धिमान मुलगी. शाळेत इंग्रजी शिकते, शिक्षिका होण्याची शक्यता तिच्यापुढे आहे. दोन ख्रिस तिच्या अंतःकरणात झगडतात, एक इंग्रजी पुस्तकांची आणि दुसरी मातीची व गावच्या बोलण्याची. हा उतारा या कादंबरीवरील प्रत्येक विवेचनात येतो आणि 'दुभंगलेली अस्मिता' असे त्याचे सार सांगितले जाते. त्याचे व्याकरण मात्र क्वचितच तपासले जाते. उताऱ्याचा आरंभ तृतीय पुरुषात, ख्रिसच्या नावाने होतो. लगेच पुढे, ज्या क्षणी दोन ख्रिसांचे प्रत्यक्ष अनुभव सांगावयास सुरुवात होते, त्या क्षणी 'ती' जाऊन 'यू' येतो. जमिनीचा आणि लोकांच्या रांगड्या बोलण्याचा तिटकारा येतो तोही 'यू'ला. आणि दुसऱ्या दिवशी टिटव्यांच्या आवाजाने जाग येऊन त्याच जमिनीने गलबलून जातो तोही 'यू'. इंग्रजी ख्रिसला निराळे सर्वनाम मिळालेले नाही. सुशिक्षित इंग्रजीत अशा ठिकाणी 'वन' हे सर्वनाम सहज येऊ शकले असते. ते येथे येत नाही. हा 'यू' बोलण्यातला आहे, गिरणीत आणि खळ्यावर कोणीही कोणाशीही बोलताना वापरील असा. म्हणजे ख्रिसला गावच्या बोलण्याचा तिटकारा येतो तो गावच्याच बोलण्यात येतो. दोन ख्रिसांच्या लढाईचा निकाल पात्राला कळण्याच्या कितीतरी आधी निवेदनाच्या व्याकरणात लागून गेलेला आहे.

ग्रॅहम ट्रेंगोव्ह यांनी १९७५ मध्येच हा 'यू' नेमका कोण, असा प्रश्न व्याकरणाच्या अंगाने विचारला होता. केर्न्स क्रेग यांनी पुढे आधुनिक स्कॉटिश कादंबरीतील निवेदनाच्या आवाजाचा प्रश्न राष्ट्रीय कल्पिताशी जोडून मांडला. या चर्चांमध्ये भर घालता येईल अशी एक जागा मराठीतून पाहताना दिसते. इंग्रजी 'यू' एकवचन-अनेकवचन भेद करीत नाही; तो स्वतःशी बोलणे, समोरच्याशी बोलणे आणि कोणाही माणसाविषयी बोलणे ही तिन्ही कामे एकाच शब्दात उरकतो. मराठी अनुवादकाला मात्र निवड करावीच लागेल. 'तू' म्हटले तर ख्रिसचे स्वगत होईल. 'तुम्ही' म्हटले तर वाचकाशी केलेले आर्जव. उरतो 'आपण'. 'आपण दिवसभर राबावं, आणि सांजेला आभाळाकडं बघितलं की वाटावं, चुलीत गेलं हे सगळं' अशा बोलण्यात 'आपण' म्हणजे मी, आणि माझ्यासारखा कोणीही, आणि ऐकणारा तूसुद्धा. 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळतो, 'आपण' त्याला ओढून आत घेतो. शिवाय 'आपण'मध्ये आत्मवाचक अर्थही आहेच. किनरॅडीच्या 'यू'चे मर्म इंग्रजीतल्या कोणत्याही पर्यायापेक्षा आपल्या या एका सर्वनामातून अधिक उलगडते, असे म्हणण्याचे धाडस करावयास हरकत नाही.

परंतु 'आपण' पुरता नाही, आणि तो कोठे अपुरा पडतो हेच पाहण्यासारखे आहे. 'आपण'मध्ये आपलेपणा आहे. बोट दाखवणे नाही. 'यू'मध्ये दोन्ही आहे. गावाचा आवाज ज्या 'यू'ने ख्रिसला सामावून घेतो त्याच 'यू'ने तो तिच्यावर पाळत ठेवतो. आई जीन गथ्री पुन्हा गर्भ राहिल्याचे कळताच जुळ्या तान्ह्यांसह विष घेते. भाऊ विल बापाच्या क्रूर धर्मनिष्ठेला कंटाळून अर्जेंटिनाला जातो. बाप जॉन गथ्री पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्यावर मुलीकडे अनन्वित मागणी करतो आणि मरतो. बापाच्या मरणानंतर ख्रिस कॉलेजचा विचार सोडून ब्लाविअरीची जमीन स्वतः कसावयाचे ठरवते आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री यूअन टॅव्हनडेल या डोंगराळ मुलखातून आलेल्या गड्याशी लग्न करते. खंडकऱ्याची मुलगी आणि पगारी गडी. बोलवेला याहून अधिक काय हवे? हे सारे वाचताना वाचक सुरक्षित अंतरावर नसतो, कारण 'यू' त्यालाही उद्देशून आहे. त्याला गावात घेतले गेले आहे आणि गावाची कुजबूज त्याच्याही तोंडी घातली गेली आहे. ब्राउनच्या बार्बीत वाचक निंदकांचा तिरस्कार करून मोकळा होतो. किनरॅडीत त्याला ती सोय नाही. रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) मध्ये 'जाणता येण्याजोग्या समाजा'ची चर्चा करताना, काय जाणले जाते याबरोबर जाणणारा कोठे उभा आहे हेही पाहावे असे बजावले होते. गिबनने जाणणाऱ्याची उभे राहण्याची जागाच काढून घेतली.

जमिनीविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण 'मातीची कादंबरी' म्हणून 'सनसेट साँग'चा गौरव करणारे वाचन अजूनही प्रचलित आहे. नांगरट, सरी पाडणे, पेरणी आणि सुगी अशी चार प्रकरणांची नावे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी व शेवटी ख्रिस ब्लाविअरीच्या माथ्यावरील प्राचीन उभ्या शिलांपाशी येते आणि मधला सारा वृत्तांत तिच्या आठवणीतून उलगडतो. माणसे जातात, जमीन तेवढी टिकते, असा साक्षात्कारही तिला होतो. स्त्री, भूमी, ऋतुचक्र ही समीकरणे हाताशी तयारच आहेत. दुसऱ्या खंडात तर तिचा दुसरा नवरा लाडाने तिला देशाचेच नाव देतो. हा कादंबरीतील सर्वांत दुबळा भाग आहे असे मला वाटते. तथापि तो दुबळा का ठरत नाही असे अनेकांना वाटते, त्याचे कारण स्वतः गिबनच्या विचारात आहे. संस्कृतिप्रसारवादी मानवशास्त्राच्या प्रभावाखाली तो असे मानीत होता की, शेती हाच मानवाच्या अधःपाताचा आरंभ होय. शेतीपूर्वीचा शिकारी माणूस मुक्त होता. नांगराबरोबर राजा, पुरोहित आणि गुलामी आली. त्या उभ्या शिला त्याच्या लेखी पहिल्या नांगरकऱ्यांनी आपल्याबरोबर आणलेल्या भयाच्या खुणा आहेत. म्हणजे ख्रिस ज्या शिलांना टेकून शाश्वताचा विचार करते त्याच शिला, लेखकाच्या हिशेबी, शाश्वत नसलेल्या एका व्यवस्थेच्या आरंभखुणा. शिवाय जमीन टिकते हे खरे, पण ती ख्रिसची नाही. गथ्री कुटुंब हे खंडकरी कूळ आहे. स्कॉटलंडात असे करार साधारणतः १९ वर्षांचे असत. ख्रिसला जमिनीवर राहता येते ते मातीच्या हाकेमुळे जेवढे, तेवढेच बापाने कंजूषपणाने साठवलेल्या पैशामुळे. इअन कार्टर यांनी ईशान्य स्कॉटलंडातील शेतीजीवनाच्या अभ्यासात (१९७९) या प्रदेशात लहान शेतकरी पहिल्या महायुद्धापर्यंत कसा तगून राहिला हे दाखविले आहे. गिबन ज्याचा अस्त सांगतो तो प्राचीन, कालातीत शेतकरी नसून असा खंडाने, पोराबाळांच्या बिनपगारी श्रमांनी तगलेला शेतकरी आहे, हे कादंबरीतील तपशील सांगतात. तिचे साक्षात्कार सांगत नाहीत.

अस्त होतो तो युद्धाने. पण युद्ध येते ते बातमीसारखे नव्हे, कुऱ्हाडीसारखे. लष्करी गरजेसाठी किनरॅडीतली झाडी तोडली जाते. रजेवर आलेला चे स्ट्रॅकन ते उघडे माळ पाहून हादरतो, कारण वाऱ्याला आडोसा गेला की या जमिनीचे काय होणार हे त्याला कळते. या एका तपशिलात मला सगळ्या प्रवचनांपेक्षा अधिक इतिहास दिसतो. लाँग रॉब हा गिरणीवाला नास्तिक युद्धाला विरोध करतो. गाव त्याला जर्मनांचा पक्षपाती ठरवते. १९१६ च्या सक्तीच्या भरतीला नकार देऊन तो तुरुंगात जातो, आणि शेवटी स्वतःहून भरती होऊन मरतो. यूअन सैन्यात जाऊन पशुवत होऊन परततो, पुन्हा जातो आणि फ्रान्समध्ये पळपुटा म्हणून आपल्याच लोकांकडून गोळ्या घातला जातो. चे हे ख्रिसला सांगतो. (अशा ३०६ ब्रिटिश सैनिकांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. कादंबरी त्यापूर्वी ७४ वर्षांची.)

उपसंहाराला प्रास्ताविकाचेच नाव आहे, 'न नांगरलेले शेत'. उभ्या शिलांपैकी एकीवर चार नावे कोरून तिला स्मारक केले जाते आणि नवा पाळक रॉबर्ट कोहून, जो आता ख्रिसचा नवरा होणार आहे, तेथे प्रवचन देतो. हे शेवटचे शेतकरी, जुन्या स्कॉट्स लोकांतले अखेरचे, यांच्याबरोबर जुनी गाणी आणि जुने बोलणे संपले, असा त्याचा आशय. नंतर सनईवाला 'फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट' वाजवतो आणि त्याची स्वरलिपी पानावर छापलेली आहे. वाचक गहिवरतो. २०१६ मध्ये बीबीसीच्या वाचक-कौलात स्कॉटलंडची सर्वांत लाडकी कादंबरी म्हणून हिची निवड झाली, तिच्यात या गहिवराचा वाटा मोठा असणार. टेरेन्स डेव्हिस यांच्या २०१५ च्या चित्रपटातही हाच सूर वरचा आहे. त्या चित्रपटातील सुगीची काही दृश्ये न्यूझीलंडमध्ये चित्रित झाली, म्हणजे जी टिकते म्हणून सांगितले जाते ती जमीन दुसऱ्याच गोलार्धातली निघाली, यातला विनोद गिबनला आवडला असता.

परंतु हा उपसंहार कोण सांगते आहे? ख्रिस नव्हे. येथे तिच्या जाणिवेत वाचकाला प्रवेशच नाही. ती दुरून, गावाच्या डोळ्यांनी दिसते. संपूर्ण उपसंहार बोलवेच्या तोंडी आहे. पाळक आणि विधवा यांच्यात काय चालले आहे याच्या चविष्ट चर्चेने तो भरलेला आहे, आणि प्रवचन याच आवाजाच्या आत येते. एवढेच नव्हे, तर प्रवचन मध्यावर असताना हा आवाज त्यात शिरतो. लोक स्तिमित होतात. हे तर उघड उघड राजकारण झाले, असे त्यांना वाटते. ज्या शोकगीतात जुने बोलणे मेल्याची घोषणा होते, ते शोकगीत त्याच बोलण्याने सांगितले, अडविले आणि शेरा मारून सोडून दिले आहे. ज्या गावाने रॉबला देशद्रोही म्हटले तेच गाव त्याच्या नावाच्या शिलेपुढे टोपी काढून उभे आहे आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. यूअनचे नावही तेथे आहे. तो कसा मेला हे ख्रिसला आणि वाचकाला ठाऊक आहे. शिलेवर फक्त नाव आहे.

कोहूनचे वक्तृत्व खोटे नाही. त्यात दुःख आहे आणि रागही. पण ते लेखकाचे अंतिम विधान मानणे म्हणजे निवेदनाच्या आवाजाला बधिर होणे होय. येथे बख्तीनच्या बहुस्वरतेची आठवण सहज होते. मात्र पुष्कळ आवाज असणे एवढाच तिचा अर्थ घेतला, तर येथली गोष्ट निसटेल. येथे दोनच आवाज आहेत. एक गावाविषयी बोलतो, दुसरा गावातून बोलतो. पहिला उदात्त आहे, दुसरा क्षुद्र, चोंबडा, विनोदी आणि जिवंत. केलयार्डने गावाचा मृत्यू डोळ्यांत पाणी आणून सांगितला, तेव्हा गावाला बोलू दिले नव्हते. गिबन तेच पाणी वाचकाच्या डोळ्यांत आणतो, आणि त्याच वेळी गावाला कुजबुजू देतो. वेल्विन गार्डन सिटी या आखीव इंग्रजी नगरात बसून त्याने हे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या मूळ मुलखात ते पुष्कळांना रुचले नाही. आपल्याविषयी लिहिल्याचा राग त्यात होता. पण आपला आवाज हुबेहूब उचलल्याचा राग त्याहून मोठा असावा असा माझा तर्क आहे.

१९३५ च्या फेब्रुवारीत, चौतिसावा वाढदिवस सहा दिवसांवर असताना गिबन वारला. त्याच्या अस्थी आरबथनॉटच्या चर्चच्या आवारात आहेत. तोवर 'क्लाउड हाउ' (१९३३) आणि 'ग्रे ग्रॅनाइट' (१९३४) लिहून त्रिखंड पुरे झाले होते. सेगेट या गिरणीच्या लहान नगरात बोलवा आहे, पण ती दुफळीची आहे, सूत कातणाऱ्यांची निराळी आणि दुकानदारांची निराळी. डनकेर्न शहरात 'यू' मोर्चातल्या कामगारांच्या तोंडी येतो. तो तेथे नवा, रस्त्यावरचा, काही क्षणांपुरता जुळून आलेला 'आपण' आहे. ख्रिस त्यात नाही. ती तिसऱ्या खंडाच्या शेवटी आपल्या जन्मस्थानी, एक्टजवळील केर्नड्यूच्या त्या ओसाड शेतावर परतते आणि बार्मेकिनच्या टेकडीवर एकटी बसून राहते. पाऊस सुरू होतो. खाली एकेक करून दिवे विझत जातात. या वेळी तिला 'यू' म्हणावयास आसपास कोणी नाही, आणि निवेदन तृतीय पुरुषात संपते.